पावित्र्यकल्पना, ख्रिस्ती

पावित्र्यकल्पना, ख्रिस्ती : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. ईश्वर हाच एकमेव पवित्र असून त्याच्याशी जडलेल्या नात्यामुळे व्यक्ती, समाज, स्थळ, काळ वा वस्तू यांना पावित्र्य लाभते, ही या संकल्पनेची आधारशिला होय. नैतिक शुद्धता हा पावित्र्याचा परिणाम मानला जातो. ते त्याचे मूळ नव्हे. या संकल्पनेत आरंभापासून दोन अर्थ एकत्र नांदत आले आहेत : एक, जगरहाटीपासून वेगळे काढलेले, दुसरा, सर्व श्रद्धावंतांना दिलेले आणि म्हणून सर्वांकडून अपेक्षिलेले. पहिल्या अर्थावर भर पडला, तेव्हा रक्तसाक्षी, अरण्यवासी तपस्वी व मठवासी हे पावित्र्याचे आदर्श ठरले. दुसऱ्या अर्थावर भर पडला, तेव्हा शेत, दुकान, स्वयंपाकघर व संसार ही पावित्र्याची क्षेत्रे मानली गेली. संसारी माणसाच्या जीवनाला ईश्वरासमोर पूर्ण मोल आहे की ते दुय्यम आहे, हा प्रश्न या ओढाताणीच्या मुळाशी आहे आणि ख्रिस्ती पावित्र्यकल्पनेचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

मूळ अर्थ : हिब्रू भाषेत पवित्र या अर्थी ‘कादोश’ हा शब्द येतो. सामान्य उपयोगातून बाजूला काढून ईश्वराला वाहिलेले, असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो. जुन्या करारात शब्बाथाचा दिवस, जेरूसलेमचे मंदिर, याजकांची वस्त्रे व पूजेची भांडी यांना पवित्र म्हटले आहे. ‘लेवीय’ या ग्रंथात अन्न, स्पर्श, रोग व सूतक यांसंबंधी शुद्धाशुद्धतेचे तपशीलवार नियम आढळतात. तथापि याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात ईश्वर पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे, अशी आज्ञा देऊन पुढे जे नियम सांगितले आहेत, त्यांपैकी पुष्कळसे रोजच्या व्यवहाराचे आहेत. कापणीच्या वेळी शेताचे कोपरे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावेत; मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये; बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत; आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये; वजने व मापे खरी असावीत. पूजास्थान आणि बाजार ही दोन्ही येथे एकाच आज्ञेखाली आणलेली दिसतात. यशया, आमोस इ. संदेष्ट्यांनी याच सूत्राचा विस्तार करून अन्यायाने मिळविलेल्या धनातून चढविलेली अर्पणे ईश्वराला नकोशी आहेत, असे निक्षून सांगितले.

नवा करार ग्रीक भाषेत असून त्यात ‘कादोश’च्या जागी ‘हागिओस’ हा शब्द योजिलेला आहे. येशू ख्रिस्ताच्या चरित्रकथांत पावित्र्याचा ओघ उलट दिशेने वाहताना दिसतो. रूढ कल्पनेनुसार अशुद्धाच्या स्पर्शाने शुद्ध विटाळते. येशू मात्र कुष्ठरोग्याला स्पर्श करतो आणि विटाळ पसरण्याऐवजी रोगी बरा होतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात माणसाला भ्रष्ट करते, ते बाहेरून आत जाणारे अन्न नसून त्याच्या अंतःकरणातून निघणारे चोरी, लोभ, कपट, निंदा यांसारखे विकार होत, अशी शिकवण आहे. संत पॉलच्या पत्रांत तर ‘हागिओस’ या शब्दाचे अनेकवचन सर्वच श्रद्धावंतांना लावलेले आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘पवित्र जन’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. ज्या करिंथ येथील मंडळीला पॉलने असे संबोधिले, तीत गटबाजी होती, आपसांतील खटले न्यायालयात जात होते आणि प्रभुभोजनाच्या प्रसंगी श्रीमंत पोटभर जेवत असताना गरीब उपाशी राहत होते. पॉल या दोषांबद्दल त्यांची कठोर कानउघाडणी करतो. पण त्यांचे ‘पवित्र जन’ हे नाव काढून घेत नाही. पावित्र्य हे आधी दान आणि नंतर कर्तव्य, ही ख्रिस्ती विचारातील क्रमवारी येथे स्पष्ट होते.

रक्तसाक्षी व तपस्वी : पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यात ख्रिस्ती समाजाचा वेळोवेळी छळ झाला. स्मर्नाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांनी त्याच्या अस्थी जपून ठेवल्या व त्याच्या मृत्युदिनी एकत्र जमण्याचा संकल्प केला. संतांचे स्मरणदिन व अवशेषपूजा यांच्या पुढील परंपरेची बीजे येथे दिसतात. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटीनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर रक्तसाक्ष्याची जागा तपस्व्याने घेतली. ईजिप्तच्या वाळवंटातील अंतोनी (सु. २५१–३५६) याचे बिशप अथानेशिअसने लिहिलेले चरित्र सर्वत्र वाचले गेले आणि हजारो स्त्रीपुरुष घरदार सोडून वाळवंटाकडे वळले. तपस्व्यांच्या आख्यायिकांतच या ओढीला आवर घालणारी एक कथा मात्र आहे : नगरात राहणारा, गरजेपुरते ठेवून उरलेले गरिबांना देणारा व नित्य ईश्वरस्तवन करणारा एक वैद्य तुझ्या तोडीचा आहे, असे अंतोनीला वाळवंटात कळविण्यात आले. वाळवंटाच्या वाङ्मयाने ही कथा जपली, हे अर्थपूर्ण आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावर उघड वाद झाला. स्वतः तपस्वी जीवन जगणारा रोममधील जोव्हिनिअन याने विवाहित, विधवा व ब्रह्मचारिणी यांचे आचरण इतर बाबतींत सारखे असेल, तर त्यांची योग्यताही सारखीच, असे प्रतिपादिले. रोम व मिलान येथील धर्मसभांनी त्याचे मत निषिद्ध ठरविले आणि जेरोमने ३९३ च्या सुमारास त्याचे खंडन केले. हे खंडन विवाहाची इतकी अवहेलना करणारे होते की, जेरोमचे मित्रही अस्वस्थ झाले. याच काळात पूर्वेकडे जॉन क्रिसॉस्टम (सु. ३४९–४०७) मात्र अँटिऑक व कॉन्स्टँटिनोपल येथील प्रवचनांतून सांगत होता की, विवाहाचा अपवाद सोडल्यास मठवासी व संसारी यांच्याकडून ईश्वराच्या अपेक्षा सारख्याच आहेत. गरिबांना विसरून वेदी रेशमाने सजविणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली. पश्चिमेत याचे पारडे हलके राहिले. आज्ञा सर्वांसाठी आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते पूर्णत्वाच्या इच्छुकांसाठी, अशी दुहेरी मांडणी तेथे हळूहळू दृढ झाली.

आणखी एक प्रश्न उत्तर आफ्रिकेतील डोनेटिस्ट पंथामुळे उभा राहिला. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार ग्राह्य मानावेत काय, हा तो प्रश्न होय. सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) संस्कारांचे सामर्थ्य देणाऱ्याच्या चारित्र्यावर नव्हे, तर ख्रिस्तावर अवलंबून असते, असा निर्णायक युक्तिवाद केला. त्यामुळे चर्च ही निर्दोष माणसांची संघटना न ठरता गहू व निदण एकत्र वाढणारे शेत ठरली. सामान्य माणसाला या विचाराने दिलासा दिला. त्याचबरोबर धर्माधिकाऱ्यांच्या दोषांकडे काणाडोळा करण्याची सोयही पुढील काळात त्यातून निघाली.

मध्ययुग : सेंट बेनिडिक्टच्या (सु. ४८०–५४७) नियमावलीने पश्चिमेकडील मठजीवनाला स्थिर रूप दिले. प्रार्थना, वाचन व अंगमेहनत यांची दिवसभराची वाटणी तीत आहे. मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याने तेथील सर्व भांडीकुंडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत, असा तीत नियम आहे. पावित्र्य रोजच्या वस्तूंपर्यंत पोहोचविणारा हा विचार मठाच्या भिंतींआड वाढला. पण तो तेथेच संपला नाही.

संतपद बहाल करण्याची पद्धत या काळात क्रमशः केंद्रित झाली. ९९३ मध्ये ऑग्सबर्गचा बिशप उल्रिक याला पोपने संत घोषित केले. ही पोपकृत संतघोषणेची पहिली निश्चित नोंद होय. १२३४ मधील धर्मविधिसंग्रहानंतर हा अधिकार केवळ पोपकडे राहिला. संतांच्या यादीत बिशप, राजे व मठवासी यांचे प्राबल्य असले, तरी काही अपवाद लक्षणीय आहेत. इटलीतील क्रेमोना येथील कापडव्यापारी ओमोबोनो हा विवाहित गृहस्थ ११९७ मध्ये मरण पावला आणि तिसरा इनोसंट या पोपने ११९९ च्या जानेवारीत त्याला संत घोषित केले. व्यापारी वर्ग उदयास येत असताना आणि व्याज व नफा यांविषयी धर्मपीठ साशंक असताना एका व्यापाऱ्याला मिळालेला हा मान होता. माद्रिदचा शेतमजूर इसिद्रो (बारावे शतक) याला मात्र १६२२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी १२ मार्च रोजी इग्नेशिअस लोयोला, फ्रान्सिस झेव्हिअर, आव्हिलाची तेरेसा व फिलिप नेरी यांच्याबरोबर त्याला संतपद मिळाले. तो प्रार्थनेत रमला असता देवदूत त्याचा नांगर धरीत, अशी आख्यायिका आहे. तोच आणि त्याची पत्नी यांनी मुलाच्या मृत्यूनंतर ब्रह्मचर्य पाळले, असेही परंपरा सांगते. संसारी संताला संत ठरविताना त्याला अर्धा मठवासी बनविण्याची ही प्रवृत्ती दीर्घकाळ टिकून राहिली.

याच सुमारास नेदर्लंड्स व ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात बेगीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी आजन्म व्रते न घेता, विणकाम व रुग्णसेवा करीत नगरांतच भक्तिजीवन आरंभिले. मठ व संसार यांच्या मधल्या या वाटेकडे धर्माधिकारी संशयाने पाहत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत चौदाव्या शतकातील निकोलस कबासिलास याने ख्रिस्तातील जीवनावर लिहिलेल्या ग्रंथात या वाटेला सैद्धांतिक आधार दिला. सेनापतीने सेना सोडू नये, शेतकऱ्याने नांगर टाकू नये, कारागिराने आपला धंदा चालू ठेवावा. बाप्तिस्मा, तैलाभ्यंग व प्रभुभोजन या संस्कारांतून मिळालेले जीवन ध्यानात बाळगले की पुरे, असे त्याचे मत होते.

धर्मसुधारणा व तिची प्रतिक्रिया : मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा स्वतः मठवासी होता. १५२१ मध्ये मठव्रतांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने या व्रतांमुळे कोणी इतरांहून ईश्वराच्या अधिक जवळ जातो, हे मत नाकारले. केवळ श्रद्धेने मनुष्य नीतिमान ठरतो, असे मानल्यावर पावित्र्याच्या पायऱ्या उरत नाहीत. जर्मन भाषेत पाचारण या अर्थी जो शब्द मुख्यतः मठजीवनासाठी वापरात होता, तो ल्यूथरने चांभार, दासी, न्यायाधीश व माता यांच्या कामाला लावला. १५२२ मधील विवाहविषयक प्रबंधात तो म्हणतो की, बाप श्रद्धेने बाळाची दुपटी धुतो, तेव्हा लोक त्याला हसले, तरी ईश्वर व देवदूत आनंदाने स्मित करतात. १५२५ मध्ये त्याने पूर्वाश्रमीची जोगीण काथारीना फोन बोरा हिच्याशी विवाह केला. धर्मगुरूचे घर हेच पुढे प्रॉटेस्टंट जगात आदर्श कुटुंबजीवनाचा नमुना ठरले. या बदलाची किंमतही मोजावी लागली. स्त्रियांचे मठ बंद झाल्याने विवाहाबाहेर शिक्षण व स्वायत्तता देणारी एक वाट तेथील स्त्रियांना बंद झाली.

जॉन कॅल्व्हिनच्या (१५०९–६४) जिनीव्हात मठाची भिंत पडली. पण मठाची शिस्त नगरात आली. धर्मगुरू व वडीलजन यांचे मंडळ दर आठवड्यास बसून नवराबायकोची भांडणे, शिवीगाळ, नृत्य, जुगार व उपासनेतील गैरहजेरी यांची चौकशी करी. सर्वांनी पवित्र असावे, या अपेक्षेतून सर्वांवर पाळत निर्माण झाली. याच नियमबद्ध संसारी तपश्चर्येतून आधुनिक भांडवलशाहीला पोषक मनोवृत्ती घडली, असा सिद्धांत माक्स व्हेबर या समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये मांडला. तो वादग्रस्त ठरला असला, तरी रोजच्या कामाचे पावित्र्य कामाच्या यशाच्या पूजेत किती सहज बदलू शकते, याकडे त्याने लक्ष वेधले.

रोमन कॅथलिक पंथात ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये ब्रह्मचर्य विवाहाहून श्रेष्ठ असल्याचे पुन्हा उद्‌घोषित केले. तरीही पुढे जिनीव्हाचा कॅथलिक बिशप फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) याने भक्तिजीवनाचा परिचय करून देणारा फ्रेंच ग्रंथ (१६०९) संसारी वाचकांसाठी लिहिला. एका विवाहित स्त्रीला दिलेल्या मार्गदर्शनातून तो आकारास आला. सरदार, कारागीर, सेवक, विधवा व गृहिणी यांची भक्ती त्यांच्या त्यांच्या कर्तव्यांना साजेशी असावी. बिशप मठवाशासारखा एकांतात बसू लागला किंवा कारागीर दिवसभर देवळात राहू लागला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल, असे त्याने सांगितले. पॅरिसमधील कार्मेलाइट मठात स्वयंपाकाचे काम करणारा बंधू लॉरेन्स (मृत्यू १६९१) याची संभाषणे व पत्रे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. भांड्यांच्या गलबल्यातही वेदीपुढे असावे तसे ईश्वरसान्निध्य अनुभवता येते, हा त्यांचा विषय. ती प्रॉटेस्टंट घरांतही आवडीने वाचली गेली.

वेस्ली व पावित्र्यवादी चळवळी : अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) याने पावित्र्य हा आपल्या मेथडिस्ट चळवळीचा केंद्रबिंदू केला. केवळ एकांतातील पावित्र्य त्याला मान्य नव्हते. सु. बारा जणांचा एक वर्ग, त्याचा एक प्रमुख आणि आठवड्याला एकमेकांची विचारपूस, अशी रचना १७४२ पासून रूढ झाली. कोळसा खाणकामगार, विणकर व मोलकरणी यांना या वर्गांत प्रथमच आपल्या आयुष्याविषयी बोलण्याची आणि इतरांचे नेतृत्व करण्याची संधी मिळाली. १७४३ च्या नियमांत जकात चुकविलेल्या मालाची खरेदी-विक्री, मद्यपान व अवाजवी व्याज यांना मनाई होती. १७७४ मध्ये वेस्लीने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. याच जीवनात प्रेमाची परिपूर्णता शक्य आहे, हे त्याचे मत मात्र अडचणीचे ठरले. १७६०–७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमधील काही अनुयायी स्वतःला निष्पाप म्हणवू लागले. त्यांपैकी जॉर्ज बेल याने २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होणार, असे भाकीत केले. वेस्लीने ते धिक्कारले. परिपूर्णतेचा दावा त्याने स्वतःविषयी कधी केला नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील फीबी पामर (१८०७–७४) हिच्या न्यूयॉर्क येथील घरगुती सभांतून पावित्र्यवादी चळवळीला जोर आला आणि स्त्रियांच्या प्रवचनाधिकाराला पाठबळ मिळाले. लंडनमध्ये विल्यम व कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या कार्याला १८७८ मध्ये मुक्तिफौज हे रूप मिळाले. सर्व जीवनच संस्काररूप आहे, या भूमिकेतून या संघटनेने बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधीही बंद केले. १८९१ मध्ये तिने लंडनच्या पूर्व भागात आगकाड्यांचा कारखाना काढला. पिवळ्या फॉस्फरसमुळे कामगारांचे जबडे सडत असत. म्हणून तेथे निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला जाई व मजुरीही अधिक दिली जाई. लेवीयातील मजुरीच्या नियमाचे हे औद्योगिक युगातील रूप म्हणता येईल.

भारतातील आविष्कार : महाराष्ट्र व गोवा यांचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणाने ओवीच्या माध्यमातून ख्रिस्तकथा मराठी घराघरांत गायिली जाईल, अशी सोय केली. वसई येथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे जपानमध्ये व्यापार करीत असत. पुढे ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. गोव्यात जन्मलेले जोसेफ व्हाझ (१६५१–१७११) यांनी श्रीलंकेत छळाच्या काळात वेषांतर करून विखुरलेल्या कॅथलिकांची सेवा केली. ते २०१५ मध्ये संत घोषित झाले.

मराठीत ‘पवित्र’ या शब्दाला सोवळ्याओवळ्याची छटाही चिकटलेली होती. त्यामुळे विटाळ टाळणे म्हणजे पावित्र्य की अस्पृश्याला जवळ करणे म्हणजे पावित्र्य, हा नव्या करारातील प्रश्न येथे प्रत्यक्ष स्वयंपाकघरात उभा राहिला. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात त्याचे विलोभनीय चित्रण आहे. पती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर कर्मठ संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंचे सोवळे एकेका प्रसंगाने गळत गेले आणि काही वर्षांनी त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठी संतपरंपरेला आपल्या ख्रिस्तभक्तीची वाट मानणाऱ्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली व बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ ही संकल्पना मांडली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली राहत. १९०५ मध्ये तेथे उत्कट धार्मिक जागृती झाली. पण त्याच आवारात शेती, विणकाम व छपाई ही कामेही प्रार्थनेइतक्याच निष्ठेने शिकविली जात. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचा अनुवाद केला.

जातिभेदाचा प्रश्न मात्र सुटला नाही. कलकत्त्याचे बिशप डॅन्येल विल्सन यांनी १८३३ मध्ये ख्रिस्ती मंडळ्यांत जातिभेद पाळू नये, असा आदेश काढला, तेव्हा तमिळ प्रदेशातील काही मंडळ्यांनी त्यास कडवा विरोध केला. २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितविषयक धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव चालू असल्याचे मान्य केले. त्रावणकोर संस्थानातील अधिकारी देवसहायम् (१७१२–५२) हे २०२२ मध्ये संत घोषित झाले. संतपद मिळालेले ते पहिले भारतीय संसारी गृहस्थ होत. जातिभेद न मानणाऱ्या या पुरुषाच्या नावापुढील जातिवाचक उपपद घोषणेपूर्वी वगळण्यात आले. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे लोक एकाच दफनभूमीत विसावतात की नाही, ही भारतात पावित्र्याची अटळ कसोटी राहिली आहे.

विसावे शतक व नंतर : लिझ्यूची तेरेसा (१८७३–९७) ही कार्मेलाइट जोगीण चोविसाव्या वर्षी क्षयाने मरण पावली. मोठ्या तपश्चर्येऐवजी लहानसहान कामे प्रेमाने करण्याचा तिने सांगितलेला ‘लहान मार्ग’ तिच्या आत्मवृत्तामुळे जगभर पसरला. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले. तिचे वडील लुई मार्तें घड्याळजी होते व आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवी. या दोघांना २०१५ मध्ये एकत्र संत घोषित करण्यात आले. आधुनिक पद्धतीने पतिपत्नींना एकत्र संतपद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. तत्पूर्वी ९० वर्षे आधी मुलीला मिळालेला मान आईवडिलांना इतक्या उशिरा मिळाला, यावरून संसाराच्या पावित्र्याला मान्यता देण्यात झालेला विलंब ध्यानात येतो.

प्रॉटेस्टंट बाजूने जर्मन धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर (१९०६–४५) याने १९३७ मधील ग्रंथात ल्यूथरच्या शिकवणुकीचा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांना इशारा दिला. मठ सोडून ल्यूथर जगात आला, तो ख्रिस्ताचे अनुसरण अधिक कठीण जागी करण्यासाठी. त्याच्या वारसांनी मात्र जगासारखे वागण्याची मुभा तेवढी उचलली, असा त्याचा आक्षेप होता. नाझी राजवटीचा विरोधक म्हणून त्याला फाशी देण्यात आली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयी जो मूलभूत दस्तऐवज संमत केला, त्याच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे, असे प्रतिपादन आहे. विवाहित, विधवा, श्रमिक व रुग्ण यांचा तेथे स्वतंत्र उल्लेख आहे. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरनवादी यांनी नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त निवेदन केले. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषद त्यात सामील झाली. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पावित्र्यावरील पत्रात मुले वाढविणारे आईबाप, कुटुंबासाठी राबणारे स्त्रीपुरुष व आजारी माणसे यांत शेजारधर्मी पावित्र्य पाहण्यास सांगितले. निंदेत सहभागी न होणे, थकले असताही मुलाचे बोलणे ऐकून घेणे, यांसारखी घरगुती उदाहरणे त्यांनी दिली.

याच काळात संतपणाच्या लौकिकाचा धोकाही उघड झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी लार्श हे निवाससमूह स्थापणारे झां व्हॅनिए (१९२८–२०१९) यांना हयातीतच अनेक जण संत मानीत. त्यांच्या मृत्यूनंतर संस्थेनेच करविलेल्या चौकशीत त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे २०२० मध्ये निष्पन्न झाले. पीडित स्त्रियांच्या तक्रारी ऐकल्या न जाण्यास पावित्र्याचे वलय पुष्कळदा कारणीभूत झाले, हे अनेक देशांतील चर्चविषयक चौकशांतूनही दिसून आले आहे. डोनेटिस्टांना दिलेले उत्तर संस्कारांपुरते खरे असले, तरी माणसांना चौकशीपासून संरक्षण देण्यासाठी ते दिलेले नव्हते, याची जाणीव त्यामुळे तीव्र झाली.

दैनंदिन जीवनातील पावित्र्याचा ख्रिस्ती आशय सर्व पंथांत थोड्याफार फरकाने पुढील गोष्टींत सामावलेला आहे : ठरावीक वेळची प्रार्थना व बायबलवाचन, रविवारचा विसावा व सामुदायिक उपासना, प्रामाणिक श्रम, खरे माप व वेळेवर मजुरी, वैवाहिक निष्ठा, पाहुणचार, रुग्णांची विचारपूस, अपराधाची कबुली आणि क्षमा. यांपैकी कोणतेही कृत्य असामान्य नाही. कृपेविना ती केवळ सभ्यता ठरतात, असे धर्मशास्त्र सांगते. तर ती नसताना कृपेचा दावा पोकळ ठरतो, असे इतिहास दाखवितो. अरण्य व मठ यांनी पावित्र्याची उंची राखली. घर व बाजार यांनी त्याची सत्यता तपासली. त्यामुळे या दोहोंपैकी एकाचाच आदर्श स्वीकारण्याचे प्रयत्न ख्रिस्ती परंपरेत फार काळ टिकलेले दिसत नाहीत.